उतरायचं कुठं?

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका झोपलेल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारत होते. "आजोबा, ओ आजोबा, उतरायचं कुठं?" म्हातारा दचकून जागा झाला, डोळे चोळले आणि म्हणाला, "नागोठण्याला." "मग बसा, अजून वेळ हाय," असं म्हणून मास्तर पुढच्या खुर्चीकडे वळले. हे एसटीत घडत नव्हतं. रोह्याच्या बाहेर नदीकाठी एक वृद्धाश्रम आहे, त्याच्या जेवणघरात भरदुपारी चाललं होतं. आणि हे आजोबा मास्तरांपेक्षा दोन वर्षांनी लहान होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात. त्यांनी सगळी नोकरी पेण डेपोत काढली, बहुतेक पेण-रोहा मार्गावर. बायको वारली, मुलगी लग्न होऊन गुजरातेत गेली, तेव्हा ते स्वतःची पत्र्याची पेटी घेऊन स्वतःच आश्रमात दाखल झाले. पेटी तिकिटांचीच होती, आता तिच्यात दाढीचं सामान असायचं. तिकिटं पंच करायचा जुना चिमटाही त्यांनी कुठूनसा टिकवला होता. तो हातात धरून कट् कट् वाजवत ते व्हरांड्यातून हिंडायचे. ज्याला त्याची चीड यायची तो कानात बोटं घालायचा, आणि अशी बोटं घालणारे बरेच होते.

जेवणघरात दारालगतची एकटी खुर्ची त्यांची. तिथे बसून ते डोकी मोजायचे आणि सगळे आले की चमच्याने ताटावर दोन ठोके मारायचे. दोन ठोके पडल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही असा त्यांचा नियम होता, आणि गंमत म्हणजे कुरकुर करत का होईना, सगळे तो पाळायचे. एका कोपऱ्यात पाय मोडकी खुर्ची होती. तिच्यावर त्यांनी खडूने 'विधानसभा सदस्यांसाठी राखीव' असं लिहून ठेवलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षांत एसटीतल्या त्या राखीव सीटवर एक आमदार बसलेला बघितला नाय. म्हंजे हिच्यावरून पण कोण पडणार नाय."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो आईमुळे. आई पेणच्या खाडीकडची. उभा जन्म मिठागरात मीठ ओढण्यात गेला, त्यामुळे तिचा आवाज बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा आणि जीभ त्याहून तिखट. न्हाणीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, मुंबईकडच्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. मी रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्टला, बायको पेणला शाळेत, आणि आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढणं आईला जमेना आणि दिवसभर तिला एकटं ठेवणं आम्हाला जमेना. मग हा आश्रम शोधला. "चार महिने राहा, पाय सुधारला की घरी आणतो," असं मी तिला म्हणालो होतो. चार महिन्यांचं वर्ष झालं आणि त्यावरचे महिने मी मोजायचे सोडून दिले.

एक मात्र मी कधी चुकवलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आईच्या गोळ्यांची पिशवी घेऊन हजर. शिफ्ट बदलून घेईन, पावसात भिजेन, पण पिशवी पोचणारच. आश्रमात सगळ्यांची मुलं अशीच यायची. कोणी मुंबईहून, कोणी पुण्याहून, आणि प्रत्येकाच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. म्हातारी माणसं ती पिशवी शेजाऱ्याला दिसेल अशी मांडीवर ठेवून बसायची. "माझ्या अकरा आहेत," एक आजोबा एकदा दुसऱ्यांना ऐटीत सांगत होते. दुसऱ्यांनी शांतपणे "तेरा," म्हटलं आणि पहिल्यांचा चेहराच पडला. एक काकू तर आपली गुडघ्याची गोळी शेजारणीला पेढ्यासारखी वाटायच्या. "घे गो, माझ्या लेकाने आणलीय, लय गुणाची हाय." ते मास्तरांनी पाहिलं आणि चिमटा वाजवत तिथे पोचले. "दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास! उतरा खाली!" काकूंनी त्यांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

मास्तर स्वतः एकच गोळी घ्यायचे, ब्लडप्रेशरची. डॉक्टरने ती लिहून दिली तेव्हा त्यांनी आधी विचारलं होतं, "ही कुठपर्यंत?" डॉक्टर म्हणाले, शेवटपर्यंत. "मग हरकत नाय, पासवाली हाय," म्हणून त्यांनी ती मानली. रोज सकाळी आठला, घड्याळ बघून घ्यायचे. औषधांशी त्यांचं वैर मुळीच नव्हतं. चढणाऱ्याने उतरायचं ठिकाण सांगितलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुपारी झोपलेल्यांना उठवायचा त्यांचा रोग मात्र सगळ्यांना नकोसा झाला होता. मलाही. माझी आई खुर्चीत मान टाकून झोपलेली असायची आणि हे येऊन तिच्या खांद्यावर टिचक्या मारायचे. एका रविवारी मी चिडलोच. म्हटलं, "मास्तर, म्हातारं माणूस आहे, झोपू द्या की. तुम्हाला काय त्रास होतो?"

त्यांनी चिमटा खिशात टाकला आणि माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "कंपनीवाले, मी पंधरा मिनिटं उठवतोय. ह्या उठत नायत. इथं बाकी सगळे उठतात, शिव्या देतात, पण उठतात. तुमच्या आई आणि आणखी तीन जणं उठत नायत. ही झोप नाय. झोप मी तीस वर्षं बघितलीय."

मी हसण्यावारी नेलं. सिस्टर मला दर वेळी सांगायच्या, "तुमच्या आई अगदी शांत असतात हो, काही म्हणून त्रास नाही." हे मी कौतुक म्हणून ऐकत होतो. जिच्या हाकेने मिठागरावरचे बगळे उडायचे ती बाई शांत झाली, यात कौतुक कसलं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सिस्टरना दोष देत नाही. त्या एकट्या, माणसं पंचवीस, आणि मी आणून देईन ते त्या इमानाने देत होत्या.

मग आई मला ओळखेनाशी झाली. "कोन तू?" म्हणाली. मी नाव सांगितलं तर मला तिच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारून पाणी मागितलं. चमचा तोंडाकडे नेता नेता मध्येच थांबायचा. दोनदा पडली. मॅनेजर मला ऑफिसात घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, वय आहे, विसरण्याचा आजार आहे, आता त्यांना मागच्या खोलीत हलवलेलं बरं. मागच्या खोलीत खाटेला खिळलेली माणसं ठेवत. तिथून पुढच्या व्हरांड्यात परत आलेलं कोणी मला माहीत नव्हतं. कागद तयार होता, सही माझी हवी होती. मी पुढच्या रविवारपर्यंतची मुदत मागितली आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. रडलो होतो ते कोणाला दिसू नये म्हणून.

मास्तरांना दिसलंच. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं, स्वतः उभे राहिले, आणि मी कधी न विचारलेली गोष्ट सांगू लागले.

"एकदा पेणला एक बाई चढली. खांब गावचं तिकीट. म्हणाली, मास्तर, डोळा लागला तर उठवा. मी व्हय म्हटलं. गाडीला त्या दिवशी मरणाची गर्दी. खांब आलं, दोघे उतरले, चार चढले, मी डबल बेल मारली. बाई झोपलेलीच. रोह्याला गाडी रिकामी झाली तवा दिसली. परतीच्या गाडीत मीच बसवून दिली. तिचा भाऊ आजारी होता, बघायला चालली होती. आठ दिवसांनी कळलं. भाऊ तीनला गेला, ही पोचली साडेचारला."

"तिने तक्रार केली?"

"नाय ना! केली असती तर बरं झालं असतं. पुढं कितीदा माझ्याच गाडीत बसली, एक शब्द बोलली नाय." त्यांनी खिशातला चिमटा नुसता चाचपला. "तवापासून चढणारा मी बघत नाय, तो आपोआप दिसतो. उतरला कोण ते बघतो. तुमच्या आईच्या पिशवीत इतक्या गोळ्या चढल्यात, उतरलीय कुठली? मला सगळे कागद आणून द्या. पहिल्या दिवसापासूनचे."

खरं सांगतो, मी कागद नेले ते त्यांच्यावरच्या विश्वासाने नव्हे. त्या आठवड्यात मला काहीतरी करायला हवं होतं, आणि करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. कपाटावरची एक्स-रेची पिशवी काढली, फायली काढल्या, आणि बुधवारी पहिली शिफ्ट संपवून सगळं त्यांच्या पलंगावर ओतलं.

शनिवारी त्यांनी माझ्या हातात एक लांबलचक कागद ठेवला. कंडक्टर फेरीचा हिशोब ज्या वेबिलावर लिहितो तसाच आखलेला. गोळी कुठली, कुठे चढली म्हणजे कोणी दिली, कुठपर्यंत, आणि उतरली का. अक्षर डेपोतलं, ठसठशीत. सतरा ओळी होत्या. 'उतरली का' या रकान्यात सतरा वेळा 'नाही' लिहिलं होतं.

"ही बघा," त्यांनी बोट ठेवलं. ऑपरेशननंतर आईने इस्पितळात दोन दिवस आरडाओरडा केला होता, तेव्हा तिला शांत करायला एक गोळी दिली होती. घरी सोडतानाच्या कागदावर तिच्यापुढे स्पष्ट लिहिलं होतं, पाच दिवस. आई ती चौदा महिने घेत होती. दर महिन्याला नवी पाकिटं मीच आणत होतो.

"आणि ह्या दोन." त्यांनी दोन पाकिटं उलटी करून शेजारी ठेवली. नावं वेगळी, रंग वेगळे, एक पेणच्या डॉक्टरीणबाईंची, एक मुंबईच्या डॉक्टरांची. मास्तरांचं इंग्रजी यथातथाच. पण तिकिटांचे नंबर जुळवण्यात जन्म गेलेला. पाकिटामागची बारीक अक्षरं त्यांनी भिंग लावून एकेक करत जुळवली होती. "नावं दोन, पण प्रवासी एकच. दोन सीटा अडवून बसलाय. आणि अशा तीन जोड्या हायत. तुम्ही दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवले नाय काय?"

नव्हते दाखवले. मुद्दामच नव्हते दाखवले. पेणच्या डॉक्टरीणबाई आमच्या घरच्यासारख्या, माझ्या मुलीच्या जन्मापासून त्यांचा हात आमच्यावर. तुमच्याशिवाय दुसरीकडे दाखवलं, हे त्यांना कसं सांगायचं? त्यांना वाईट वाटलं असतं. आणि मुंबईच्या डॉक्टरांपुढे तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी काढायची लाज वाटायची. म्हणून मी दोघांचीही भीड राखली. दोघांचंही औषध आईला पोचवलं. कंपनीत एक व्हॉल्व्ह उघडायचा तर मी चार वेळा लॉगबुक बघायचो, आणि आईच्या पोटात सतरा गोळ्या न बघता सोडत होतो.

"आजपासून सगळ्या बंद करतो," मी म्हटलं.

मास्तर माझ्यावर जे ओरडले! "चालत्या गाडीतून उडी मारताय? आधी बेल, मग गाडी थांबणार, मग उतरायचं. डॉक्टरकडे जा. आजच जा."

डॉक्टरीणबाईंनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत वाचला. "कोणी केलंय हे?"

"एसटीचे कंडक्टर आहेत एक. रिटायर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यातल्या सहा माझ्या आहेत. माझ्यावर रागावू नका, पण तुम्ही मला एकदा तरी सांगायला हवं होतं. मला काय वाईट वाटणार होतं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि मीही विचारायला हवं होतं." मुंबईच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. दुसऱ्या दिवशी स्वतः आश्रमात येऊन आईला तपासलं. कुठली आधी, कुठली नंतर, कुठली हळूहळू निम्मी करत सोडायची, सगळं सिस्टरना लिहून दिलं. मागच्या खोलीच्या कागदावर मी सही केली नाही. दोन महिने थांबा, असं मॅनेजरना सांगितलं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. आईला झोप लागेना, अंग थरथरे, सिस्टरवर ओरडायची, ताट ढकलायची. माझा धीर सुटला. मी मास्तरांना म्हटलं, "शांत तरी होती हो. काय करून बसलो आपण?"

"चढणीला गाडी गुरगुरते," ते म्हणाले. "म्हणून ड्रायव्हर खाली उतरतो काय? डॉक्टरीणबाई रोज फोनवर हायत ना? मग गप बसा." ते आईच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसू लागले. तिला खिडकीतून दिसणारी एसटी दाखवायचे आणि विचारायचे, सांगा बघू, कुठली गाडी? उत्तर यायचं नाही. ते स्वतःच सांगायचे, "पेणची हाय," आणि पुढच्या गाडीची वाट बघायचे.

आता मी दर रविवारी जात होतो. सातव्या रविवारी मी आत शिरलो तर आई खिडकीशी ताठ बसलेली. तिने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पिशवीकडे. पिशवी आता खूप लहान झाली होती.

"कवा आलास रं?" ती म्हणाली. "ह्यात काय हाय? गोल्याच ना? येवढ्या लांब आलास, मना मूठभर सुका जवला आनाया काय झालं होतं?"

मी तिथेच खाली बसलो आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यांदा रडलो. पन्नाशीचा माणूस, भर व्हरांड्यात. ती माझ्या पाठीवर थापट्या मारत सगळ्यांना सांगत होती, "रडतंय बघा मेला. जवला नाय आनला म्हनून रडतंय." त्या थापट्यांचा जोर मला आजही आठवतो, मीठ ओढलेला हात होता तो. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

सतरातल्या सहा उरल्या. त्यांना मास्तरांनी रीतसर पास दिला. न उठणाऱ्या बाकीच्या तिघांचीही वेबिलं मग त्यांनी मांडली. त्यातले दोघे चांगले जागे झाले, तिसऱ्या आजींचा आजार खरोखरच विसरण्याचा निघाला. मास्तर त्यांच्याशेजारीही बसायचे, गाड्या दाखवायचे. नवा माणूस दाखल झाला की मॅनेजर स्वतः म्हणायचे, पिशवी आधी मास्तरांना दाखवा, मग डॉक्टरांना. आईला मी पुढच्याच वर्षी तळमजल्यावर घर घेऊन नेलं. दर पंधरवड्याला ती मला आश्रमात घेऊन चल म्हणायची, जवळ्याची चटणी करून. मास्तर आता नाहीत. थोडेसे आजारी पडून, मुलगी जवळ असताना, सकाळी आठची गोळी घेऊन गेले.

पण मला आठवतो तो त्याआधीचा एक रविवार, आई अजून आश्रमातच होती तेव्हाचा. जेवणाची वेळ झाली, ताटं मांडली, सगळे बसले, पण दोन ठोके काही पडेनात. बघतो तर मास्तर दारालगतच्या खुर्चीत मान खाली घालून निश्चल. चिमटा हातातून सुटून फरशीवर पडलेला. सिस्टर जागच्या जागी थिजल्या. ज्याने सगळ्यांना उठवलं त्याला हात लावायचं धाडस कोणाला होईना, मलाही नाही. सगळ्यांच्या मनात एकच भीती होती.

आई उठली. काठी टेकत, पाय जरा ओढत जेवणघराच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. वाकून चिमटा उचलला, आणि मास्तरांच्या खांद्यावर टिचकी मारली.

"मास्तर. ओ मास्तर. उतराचं कुठं?"

मास्तरांनी डोळे उघडले. आधी आईकडे बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे, डोकी मोजल्यासारखं.

"अजून लांब हाय," ते म्हणाले, आणि चमचा उचलून ताटावर दोन ठोके मारले.